डब्यांना कुलूप लावून हा आजार जात नाही

वजन उतरवून देणाऱ्या केंद्रातल्या त्या बाई दर आठवड्याला मला काट्यावर उभं करायच्या आणि आकडा मोठ्याने वाचायच्या. बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जावा इतक्या मोठ्याने. मग ठरलेलं वाक्य : "चोरून खाता ना? तुमचं मनच खंबीर नाही, त्याला आम्ही काय करणार?" ते वाक्य मी विसरलेले नाही.

चोरून काय खाता, कधी खाता, तेव्हा नेमकं काय होतं, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. दिवसभर मी त्यांचा तक्ता इमानेइतबारे पाळायचे. दुपारी एक फुलका आणि काकडी, सातच्या आत सूप. रात्री घर झोपलं की दिवा न लावता ओट्यापाशी उभी राहायचे. आधी चिवडा, मग बिस्किटं, मग कुकरमधला गार भात, वर साखर घालून. चव लागत नसे. एक घास तोंडात असतानाच दुसरा हातात. पोट दुखायला लागलं तरी हात थांबत नसे. सकाळी तोच चिवडा आणून डबा होता तेवढाच भरून ठेवायचा आणि रिकामी पाकिटं ओल्या कचऱ्याच्या तळाशी दडपायची. याला जो हावरटपणा म्हणतो त्याने मला सांगावं, हावरट माणूस चव न घेता खातो का?

घरीही तेच. सासूबाईंनी लाडवांचा डबा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. नणंदेने चार बायकांत सांगितलं, "वहिनीला जिभेवर ताबाच नाही." कुलूप लागल्यावर मी कोरडी साखर खाल्ली, एवढंच झालं.

पुढे रक्त तपासलं तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. ट्रायग्लिसराइड वाढलेले, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. आमच्या डॉक्टरांनी खोदून विचारलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथल्या मॅडमनी वजन केलंच नाही. त्यांनी विचारलं : नेहमीपेक्षा भराभर खाता? पोट तडस लागेपर्यंत? भूक नसताना? लाज वाटते म्हणून एकट्याने? आणि नंतर स्वतःची किळस येते? प्रत्येकाला माझं उत्तर 'हो' होतं. तीन महिने, आठवड्यातून निदान एकदा असं होत असेल, खाणं हाताबाहेर जात असेल आणि यातल्या तीन गोष्टी जुळत असतील, तर तो आजार धरतात, असं त्या म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "तो तक्ता आजपासून बंद. सकाळी पोटभर नाश्ता करायचा."

मला हायसं वगैरे वाटलं नाही, संताप आला. ज्या तक्त्यासाठी मी पैसे मोजले तोच माझी रात्र बिघडवत होता. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. नंतर भरपूर अन्न मिळू लागलं तरी त्यांतल्या काहींना खाणं थांबवता येईना. निरोगी म्हणून निवडून घेतलेली माणसं होती ती. त्यांचं मनही खंबीर नव्हतं म्हणायचं का? उपासमार झालेलं शरीर असंच वागतं. प्रत्येकाचा आजार डाएटमुळेच सुरू होतो असं नाही. दुःख, ताण, लहानपणापासूनचे टोमणे हेही असतं. पण उपाशी राहिल्याने तो बळावतो. अल्बर्ट स्टंकर्ड या डॉक्टरांनी अशा खाण्याचं वर्णन १९५९ मध्येच केलं आणि अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान दिलं. 'शास्त्रोक्त' अशी पाटी लावणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं होतं.

आता ज्यांची रात्र माझ्यासारखी जाते त्यांच्यासाठी. जेवण चुकवू नका. रात्री कितीही खाल्लं असेल तरी सकाळचा नाश्ता करायचाच. दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. सर्वांत अवघड हेच गेलं आणि सर्वांत जास्त गुण यानेच आला. वहीत फक्त वेळ, काय खाल्लं आणि त्याआधी काय घडलं ते लिहा. कॅलरी लिहू नका. माझ्या वहीत बहुतेक वाईट रात्रींच्या आधी दुपारचं जेवण बुडालेलं किंवा घरात खटका उडालेला दिसला. वजनाचा प्रश्न मागाहून, डॉक्टरांच्या सल्ल्याने. साखर, रक्तदाब, चरबी तपासून घ्या, घोरणं वाढलं असेल तर तेही सांगा. अंगाने बारीक असलात तरी हा आजार होऊ शकतो, पुरुषांनाही होतो. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. रक्तातलं पोटॅशियम उतरून हृदयाला धोका होतो. फिरायला जा, झोप पुरी घ्या, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. कुणाशी बोलायचं हे सुचत नसेल तर सरकारच्या 'टेली-मानस'चा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

घरच्यांनी ताटाकडे बघून बोलणं बंद करावं. कुलपंही काढावीत. रात्री उठून स्वयंपाकघरात कोणी दिसलं तर "झोप येत नाहीये का?" एवढंच विचारावं. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी हेच विचारलं होतं आणि त्या रात्री मी डबा तसाच ठेवून दिला.

आणि कुठल्याही केंद्रात संपूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका. पहिल्या भेटीत रात्रीच्या खाण्याबद्दल कोणी विचारतं का, ते बघा. विचारलं नाही तर उठून या. मी मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दाखवून उरलेले पैसे परत मागितले, तर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवून मला परत पाठवलं. पावतीवर सही करण्याआधी ती दोन्ही बाजूंनी वाचा.