एक व्होल्ट कुठे गेला?

युरोप-अमेरिकेत ‘मोटारहोम’ नावाच्या गाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे प्रवास करतात. गाडीतच स्वयंपाक आणि गाडीतच झोप! अशा गाडीत बहुधा दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी दिवे, पंखा, पाण्याचा पंप यांसाठी. इंजिनावर फिरणारा आल्टरनेटर दोन्ही चार्ज करतो. तरीही कधी कधी दिवसभर गाडी चालवूनसुद्धा दुसरी बॅटरी रात्री लवकर मान टाकते. असे का व्हावे? बॅटरीला दोष देण्याआधी तारेकडे पाहू.

१२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर स्थिर स्थितीत सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. तिच्यात उलट दिशेने प्रवाह ढकलायचा, तर याहून अधिक, सुमारे १४.४ व्होल्ट दाब हवा. म्हणजे हाताशी जादा दाब जेमतेम १.७ व्होल्ट!

समजा, ही बॅटरी आल्टरनेटरपासून ६ मीटर दूर आहे. जाण्यायेण्याची मिळून तार १२ मीटर. तांब्याच्या तारेचा काटछेद ४ चौरस मिलिमीटर असेल, तर तिचा रोध सुमारे ०.०५ ओहम. किती क्षुल्लक! परंतु प्रवाह २० अँपिअर असला, की ओहमच्या नियमाप्रमाणे,

२० × ०.०५ = १ व्होल्ट

तारेतच खर्ची पडतो. बॅटरीपाशी १३.४ व्होल्टच पोचतात. शिवाय २० वॉट शक्ती तार तापवण्यात वाया जाते. परिणामी चार्जिंग रेंगाळते. बॅटरी सतत अर्धवट चार्ज राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते.

घरात ही अडचण का जाणवत नाही? २४० वॉटचे उपकरण २३० व्होल्टवर सुमारे १ अँपिअर प्रवाह घेते. १२ व्होल्टवर मात्र २० अँपिअर!

उपाय सोपा आहे. तारेचा काटछेद १६ चौरस मिलिमीटर केला, की रोध चौथा हिस्सा होतो आणि फक्त पाव व्होल्ट जातो. जोडही स्वच्छ व घट्ट हवेत. गंजलेला जोड म्हणजे नवा रोधच. काही नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी आल्टरनेटरचा दाबच कमी केला जातो. तेथे दाब वाढवून देणारा वेगळा चार्जर बसवतात.

एक मात्र विसरू नका. रोध कमी, म्हणून शॉर्ट सर्किट झाल्यास शेकडो अँपिअर वाहून आग लागू शकते. म्हणून तारेला सोसेल अशा मापाचा फ्यूज प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

आता पेन्सिल घ्या. तीच ४ चौरस मिलिमीटरची तार ठेवून बॅटरी २ मीटरवर आणली, तर २० अँपिअरला किती व्होल्ट खर्ची पडतील?