भीती किती, धोका किती : शिरूर-दौंडच्या अनुभवाचे बोल

भीती आणि धोका एकाच मापाने वाढत नाहीत. जे क्वचित घडते, अनोळखी असते, अंधारात घडते आणि ज्याची चर्चा गावभर होते, त्याची भीती मोठी होते. जे रोजचे आहे आणि ज्यात एकेकटा माणूस सापडतो, त्याची भीती बोथट होते, मग त्यात माणसे कितीही दगावोत. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा फरक ठळक दिसतो. घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर पोसलेला ऊस, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर हे दोन अखंड वाहते रस्ते आणि घरोघरी मोबाइल, असा हा मुलूख आहे. इथल्या अलीकडच्या अनुभवांतून प्रत्येक भीतीमागचा खरा धोका वेगळा काढता येतो.

आकाशातले दिवे

२०२४ च्या जून-जुलैमध्ये शिरूर, दौंड, आंबेगाव, इंदापूर या भागांतल्या गावांतून रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. ड्रोनने टेहळणी करून चोर घरे हेरतात, अशी चर्चा पसरली. तरुण काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन गस्त घालू लागले. वाड्या-वस्त्यांवर घरेच्या घरे जागी राहिली.

अशा वेळी आकाशातला दिवा नेमका कशाचा आहे, हे आधी पाहावे. विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्या पंखाला हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा असतो. शिवाय काही दिवे उघडझाप करतात. विमान दूर असेल तर आवाज न येता दिवे तेवढे सरळ रेषेत सरकताना दिसतात. लोहगाव विमानतळ जवळ असल्याने असे दिवे या भागात नवे नाहीत. छोटा ड्रोन खाली उडत असेल तर त्याच्या पंख्यांची घरघर स्पष्ट ऐकू येते, आणि त्याची बॅटरी बहुधा अर्ध्या-पाऊण तासापलीकडे टिकत नाही. तासन्‌तास एकाच जागी दिसणारा दिवा हा बहुतेक वेळा तारा, ग्रह किंवा मनोऱ्यावरचा दिवा असतो.

ड्रोन खराच असला तरी तो चोराचाच असतो असे नाही. फवारणी, लग्नाचे चित्रीकरण आणि मोजणी यांसाठी ड्रोन सर्रास वापरले जातात. गावठाणांची ड्रोनने मोजणी पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत, प्रायोगिक तत्त्वावर झाली होती. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार उडवायच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो. त्यामुळे संशय आला तर ११२ वर कळवावे आणि चौकशी पोलिसांवर सोडावी. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू असेल तर एका फोनवर साऱ्या गावाला सूचना जाते. तिचा उपयोग खात्रीच्या माहितीसाठीच करावा. शेतकऱ्याचे नेहमीचे नुकसान होते ते विद्युतपंपाची केबल, रोहित्रातले तांबे आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे लोखंडी ढापे चोरीला गेल्याने. त्यावर उपाय कुलूप, उजेड आणि शेजाऱ्याची नजर हाच आहे.

अफवेचा बळी

भीतीचा सर्वांत घातक परिणाम अनोळखी माणसाला भोगावा लागतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुले पळवणारे कोणी नव्हतेच. मेले ते पाच निरपराध. अशा अफवांना आळा घालण्यासाठी त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंधन आणले. रात्रीच्या गस्तीचा पहिला नियम म्हणूनच असा हवा : अनोळखी माणूस दिसला तर त्याला बसवून ठेवावे, पोलिसांना बोलवावे, आणि कोणीही हात उचलू नये. ऊसतोड मजूर, मेंढपाळ, फेरीवाले आणि रात्रपाळीचे कामगार अशी अनोळखी माणसे या भागात नेहमीच ये-जा करत असतात.

बिबट्या

बिबट्याचा धोका मात्र खरा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत परिसरात साधारण तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. ऊस हा बिबट्याचा निवारा झाला आहे. तिथे आडोसा, पाणी, कुत्री-शेळ्यांसारखे भक्ष्य आणि पिल्ले वाढवायला जागा असे सगळेच त्याला मिळते. उसाला तोड लागली की हा निवारा अचानक मोडतो.

बिबट्या मुख्यतः तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत वावरतो. लहान मूल आणि खाली वाकून किंवा बसून काम करणारा माणूस त्याला भक्ष्यासारखा दिसतो. म्हणून अंधार पडल्यावर मुलांना अंगणात एकटे सोडू नये. घर आणि ऊस यांच्यामध्ये मोकळी पट्टी ठेवावी. गोठा चारही बाजूंनी जाळीने बंद करावा. रात्री पाण्याची पाळी आली तर दोघांनी मिळून, बॅटरी घेऊन, बोलत जावे. शेतीला दिवसा वीज मिळण्याची मागणी या भागात जीविताशी जोडलेली आहे ती यामुळेच. उसात पिल्ले सापडली तर त्यांना हात न लावता तोड थांबवावी आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

दिसला बिबट्या की पकडून दूर सोडा, या उपायाची परीक्षा जुन्नर वन विभागात, ज्यात शिरूर येते, पूर्वीच झाली आहे. २००१ पासून पकडलेले बिबटे अन्यत्र सोडण्यात आले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सुमारे सतरापर्यंत वाढले, असे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले. माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडणे वेगळे आणि दिसेल तो उचलून दुसरीकडे सोडणे वेगळे.

भीती खऱ्या धोक्याच्या आडूनही फसवते. डिसेंबर २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कडेठाण इथे उसाच्या शेतात एका महिलेचा मृतदेह सापडला तेव्हा बिबट्याने हल्ला केल्याचे मानले गेले. पुढे तपासाला वेगळी दिशा मिळाली आणि खुनाच्या संशयावरून पोलिसांनी अटक केली. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली बिबट्यांची छायाचित्रेही आता फिरतात. अशा चित्रांमागे धावण्यात वन कर्मचाऱ्यांचा वेळ जातो आणि खऱ्या ठिकाणी पिंजरा उशिरा पोचतो.

सर्पदंश

उसाच्या शेतात बिबट्याइतकी सापाची चर्चा होत नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप महत्त्वाचे. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही आणि खूणही कधी दिसत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पोटात दुखू लागले किंवा पापण्या जड झाल्या तर मण्यारीची शंका घ्यावी. उपाय साधे आहेत : खाट, नीट खोचलेली मच्छरदाणी, पायात बूट, हातात बॅटरी. दंश झाल्यास आवळून बांधणे, चिरणे, चोखणे हे सारे टाळावे. अवयव न हलवता १०८ किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पविषावरील लस उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

रस्ता

सर्वांत जास्त माणसे घेणारा धोका सर्वांत कमी घाबरवतो. महाराष्ट्रात रस्ते अपघातांत वर्षाला पंधरा हजारांहून अधिक लोक मरतात. २० जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुणे-सोलापूर रस्त्यावर कदमवाकवस्तीजवळ मोटार आणि ट्रकच्या अपघातात सहलीहून परतणारे यवत परिसरातले नऊ तरुण एका क्षणात गेले. सहलीहून रात्री उशिरा परतण्याची घाई या भागात आजही तशीच आहे.

गळीत हंगामात कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या हा रात्रीचा आणखी एक धोका. मागे दिवा नसलेली, उसाने भरलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अगदी जवळ आल्यावरच दिसते. ट्रॉली बिघडून रस्त्यात उभी राहिली तर मागे दगड मांडणे पुरेसे नाही. चमकणारा त्रिकोण किंवा पेटता दिवा हवा, आणि ट्रॉली निघाल्यावर दगड उचलायला हवेत. देशात २०२२ मध्ये हेल्मेट न घातल्याने मेलेल्यांची संख्या पन्नास हजारांवर होती. रांजणगावच्या रात्रपाळीला निघालेल्या कामगाराला हेल्मेटइतके स्वस्त संरक्षण दुसरे नाही.

मोबाइल

गावात मनोरा उभा राहिला की लहरींची भीती पसरते. भारतात मनोऱ्यांच्या उत्सर्जनाची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश इतकी खाली आणलेली आहे. नुकसान होते ते हातातल्या फोनवर आलेल्या संदेशातून. वाहनाचे चलन, शेतकरी अनुदान किंवा लग्नपत्रिका असे नाव असलेली एपीके (ॲप बसवणारी) फाइल उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ शकतो. पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अटक' केल्याचे सांगणारा ठगच असतो. कायद्यात अशी अटक नाही. पैसे गेले तर लाज न बाळगता तत्काळ १९३० वर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

प्रत्येक नव्या भीतीला तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी स्वतः पाहिले, यात आजवर किती माणसे दगावली, आणि आज संध्याकाळपर्यंत काय करता येईल? ज्या भीतीकडे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही, ती फक्त झोप उडवते. ड्रोनसाठी रात्र-रात्र जागलेल्या गावांनी तेवढीच एकजूट करून हंगामाआधी आपल्या शिवारातल्या प्रत्येक ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावून घ्यावेत. एका दिवसाचे काम आहे आणि त्याने माणसे वाचतात.