फीबद्दल इंग्रजीत काय विचारू?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीला कॉलेजांची पत्रं आली आहेत. फीचे आकडे पाहून धडकी भरते. फायनान्शियल एड ऑफिसला फोन करायचा आहे, पण इंग्रजीत काय बोलावं ते सुचत नाही.

उत्तर : ताई, आधी दोन आकडे वेगळे करा. ‘स्टिकर प्राइस’ म्हणजे जाहीर केलेला पूर्ण खर्च. ‘नेट प्राइस’ म्हणजे ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा जाता तुमच्यावर पडणारा. बोलणी दुसऱ्या आकड्यावर व्हायला हवीत. म्हणून थेट विचारा : ‘व्हॉट इज अवर नेट प्राइस फॉर द फर्स्ट इयर?’

मदतीच्या पत्रात ग्रँट आणि कर्ज अनेकदा एकाच यादीत असतं, आणि भल्याभल्यांची तिथेच फसगत होते. मला याचा फार राग येतो. ‘हाउ मच ऑफ धिस इज लोन्स?’ हे न लाजता विचारा. लगेच पुढचा प्रश्न : ‘इज द ग्रँट रिन्यूएबल फॉर ऑल फोर इयर्स?’ पहिल्या वर्षीची रक्कम पुढे मिळेलच असं नाही.

नोकरी गेली, आजारपणाचा खर्च आला, तर म्हणा : ‘अवर सर्कमस्टन्सेस हॅव चेंज्ड. कुड यू रिव्ह्यू अवर एड पॅकेज?’ ही याचना नाही. फेरविचार करण्याचा अधिकार त्या ऑफिसला कायद्यानेच आहे. कागदपत्रं जवळ ठेवा. आणि फोन ठेवण्यापूर्वी, ‘कुड यू सेंड मी दॅट बाय ईमेल?’