रात्रीच्या रस्त्यावर आपलें वाहन दिसावें कसें ?

कळव्यावरून मुंब्र्याकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावर अवजड मालमोटारींची रहदारी रात्रंदिवस असते. अशा रस्त्यानें पेंढा अगर भाजी घेऊन आपणांस काळोखांत जावें लागतें. मागून येणाऱ्या मोटारीचा झोत आपणांस दुरून दिसतो. परंतु ती आपणांस दिसली म्हणून तिच्या चालकास आपण दिसलों, असें समजणें ही मोठी चूक होय.

याचा हिशेब असा. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदास सुमारें १७ मीटर धांवते. अडथळा पाहून ब्रेक दाबीपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर, जातात. पुढें कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारें २० मीटर लागतात. एकूण ४५ मीटर झाले. दिवे खालीं केलेले असतां चिखलानें माखलेली काळपट ट्रॉली साधारण ३० ते ४० मीटरांवरच नजरेस येते. मग अपघात टळावा कसा ?

यावर स्वस्त उपाय म्हणजे परावर्तक पट्टी. बाजारांत तिला 'रेडियम' म्हणतात. तथापि तींत रेडियम मुळींच नसतें. तिच्यांतील कांचेचे बारीक मणी अगर लोलक झोत ज्या दिशेनें आला त्याच दिशेस परत धाडतात. म्हणून ती चालकास दीडशे मीटरांवरूनही झळकतांना दिसते. उसाच्या हंगामांत बैलगाड्यांस व ट्रॉल्यांस अशा पट्ट्या लावण्याची मोहीम परिवहन खातें व साखर कारखाने करीत असतात, ती याचसाठीं.

पट्टी पुढें पांढरी, मागें लाल व बाजूस पिवळी असावी. मागील दोन्ही टोकांस ती लावावी, म्हणजे वाहनाची रुंदी कळते. पेंढा फाळक्याबाहेर लोंबला कीं मागील दिवा व पट्टी दोन्ही झांकलीं जातात. सबब ओझ्याच्या शेवटच्या टोकास लाल पट्टीची फळी वेगळी बांधावी. चिखल रोज पुसावा. पट्टी स्वतः उजेड देत नाहीं, म्हणून मागील दिवाही चालू पाहिजे.

माल भरल्यावर, निघण्यापूर्वीं, अंधारांत पन्नास पावलें मागें जाऊन विजेरी डोळ्यांजवळ धरून आपलें वाहन प्रत्येकानें एकदां पाहावें. जें आपल्या नजरेस आलें नाहीं, तें मागून येणाऱ्याच्याही येणार नाहीं.