पौर्णिमेला खाडीत उतरण्याआधी

चांदण्यात कयाक घेऊन खाडीत जायचं तर चंद्र किती वाजता उगवतो एवढंच बघून भागत नाही. कर्लीच्या खाडीत, तारकर्ली-देवबागच्या बाजूला, ज्या पौर्णिमा मी वल्हवत घालवल्या त्यांतून हाती आलेलं इथे लिहितो.

१. आधी पाणी बघा, मग चंद्र. पौर्णिमेला उधाण असतं. चांदणं ज्या रात्री भरात, त्याच रात्री पाण्याची ओढही सगळ्यात जास्त. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, हीच खाडी गरीब वाटते. त्या अंदाजावर पौर्णिमेला उतरू नये. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ मिळते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा ठोकताळा झाला, नेमकी वेळ त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघावी. पण त्यावरून रात्रीचं चित्र डोळ्यांसमोर येतं: संध्याकाळी पाचच्या सुमारास सुकती, सूर्य मावळताना चंद्र वर आणि पाणी आत येत असलेलं, अकराच्या आसपास खाडी तुडुंब.

२. सूर्यास्ताबरोबर उतरायची घाई करू नका. बहुतेकांना चंद्र उगवताना पाण्यावर असायचं असतं. मला ते पटत नाही. तेव्हा काठाचा चिखल उघडा असतो, कातळावरची कालवं पाय कापतात आणि पुढे भरती ऐन जोरात येते. भरतीच्या सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. बारा वाटे धरले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. शेवटचे दोन तास आपले. नऊ-साडेनऊला उतरावं, उरलेल्या भरतीबरोबर सावकाश वर जावं आणि पाणी फिरलं की त्याच्याबरोबर परतावं. चंद्रही तोवर डोक्यावर आलेला असतो. उगवताना समोरून डोळ्यांत येणारी तिरीप नाही की काठावरच्या कांदळवनाच्या लांबलचक सावल्या नाहीत.

पाणी फिरलं हे घड्याळाआधी नांगरलेली होडी सांगते. भरतीत तिचं नाक समुद्राकडे असतं. मग दोर सैल पडतो, होडी आडवी होते, काही वेळ कुठेच बघत नाही. शेजारी तरंगणारं तिवराचं पान वल्ह्याजवळच थांबून राहतं. थोड्या वेळानं दोर पुन्हा ताणला जातो आणि नाक डोंगराकडे वळलेलं असतं. मला या रात्रीतलं सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर हेच. तिथे गप्पा थांबवून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसावं.

३. खाडीच्या मुखाकडे जायचं नाही. देवबागला कर्ली समुद्राला मिळते ती जागा दिवसा बघायला सुंदर आहे. रात्री सुकती लागली की पाणी बाहेर धावतं, आणि रात्रीचे मतलई वारेही जमिनीकडून समुद्राकडेच वाहतात. दोन्हींचा जोर एकाच दिशेला. जेट्टीवरच्या एका काकांनी पहिल्यांदाच बजावलं होतं, "मुखाकडे जाव नको रे बाबा, सुकतीक पाणी खूब ओढता." नवख्यांना घेऊन जाताना हे वाक्य मी काठावरच म्हणून दाखवतो. परतताना उतरण्याची जागा ओलांडून पुढे वाहत जाणार नाही, यासाठी तिथे कंदील लावून ठेवावा.

४. महिना निवडा. कोजागरीचा मोह सगळ्यांना होतो, पण कोकणात तेव्हा ढग आणि परतीच्या सरी यांचा भरवसा नसतो. नारळी पौर्णिमा सागराच्या पूजेची; पावसाळी पाण्यात कयाक घालायची ती रात्र नव्हे. कार्तिकापासून माघापर्यंतच्या पौर्णिमा उत्तम. दव पडतं, म्हणून कोरडा स्वेटर पिशवीत हवाच. पंचांगात ग्रहणही बघून घ्यावं. ७ सप्टेंबर २०२५ च्या पौर्णिमेला रात्री अकरा ते सव्वाबारा चंद्र पूर्ण ग्रासलेला होता, म्हणजे नेमकी पाणी फिरण्याचीच वेळ.

५. बॅटरी विझवा, पण हाताशी ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक झोत ते सगळं घालवतो. कपाळावरच्या दिव्याला लाल कागद लावला तर नकाशा दिसतो आणि नजरही टिकते. पांढरी बॅटरी मात्र प्रत्येकाच्या गळ्यात हवी. इंजिनाच्या होडीला कयाक दिसत नाही. ती पाण्यालगत असते आणि आवाज करत नाही. वल्हवल्या जाणाऱ्या होडीनं टक्कर टाळण्यापुरता वेळेत पांढरा दिवा दाखवावा, हा आंतरराष्ट्रीय सागरी नियमच आहे.

६. जाळी कुठे लावलीत ते विचारून घ्या. उधाणाची रात्र मासेमारीची असते. खुंटे आणि बोये चांदण्यात दिसतात, पाण्याखालचा दोर दिसत नाही. दुपारीच जेट्टीवर जाऊन विचारलं की कुणीही हातानं दिशा दाखवून सांगतं. खाडी त्यांच्या पोटापाण्याची आहे, आपण हौसेला आलोय. जाळ्याजवळून वल्हं मारत जाणं मला गैर वाटतं. परवानगीचंही तेव्हाच बंदर खात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारावं.

७. पाणी निळं चमकताना बघायचं असेल तर पौर्णिमा नको. ती चमक चांदण्यात हरवते. त्यासाठी अंधारी रात्र हवी, आणि अमावस्येला उधाणही असतंच.

८. लाइफ जॅकेट बांधलेलं, नुसतं बरोबर घेतलेलं नाही. शिट्टी त्यालाच अडकवलेली. चांदण्यात सगळ्यांच्या आकृत्या सारख्याच दिसतात, म्हणून थोड्या थोड्या वेळानं प्रत्येकानं आपलं नाव पुकारायचं.

९. काठावर एक जागा माणूस हवा. कोण कोण गेलंय, कुठल्या वळणापर्यंत जाणार, किती वाजता परतणार हे त्याच्याकडे कागदावर लिहून द्यावं. साडेबारा ठरले असतील तर एकपर्यंत वाट बघायची, मग आधी गावातली इंजिनाची होडी काढायची आणि लगोलग तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करायचा. होडीवाल्याशी हे दुपारीच बोलून ठेवावं.