धम्मपाठ : नकुलमातेचे बोल



ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली, त्याचे रक्त यंत्रावर शुद्ध करावे लागते. यालाच डायलिसिस म्हणतात. आठवड्यातून दोन-तीन खेपा, दर खेपेला सुमारे चार तास. पाणीसुद्धा मोजून प्यायचे. असा माणूस सोमवारी घरी येऊन म्हणतो, "आता पुरे, मला नेऊ नका." आणि गुरुवारी स्वतःच पिशवी भरून दाराशी बसतो. घरचे म्हणतात, म्हातारा हट्टी झाला. तसे नव्हे. जगण्याची ओढ ती भवतृष्णा आणि यातून संपून जावे ही ओढ ती विभवतृष्णा. तथागतांनी दोन्ही सांगितल्या आहेत आणि त्या एकाच मनात नांदतात. यात पाप नाही. गतजन्मीच्या कर्माचा भोग तर मुळीच नाही. ते ओझे आपण दीक्षेच्या दिवशीच टाकले.

अंगुत्तर निकायात नकुलपिता या गृहस्थाची हकिगत आहे. तो फार आजारी पडला. पत्नी नकुलमाता उशाशी बसली. तुम्हांला काही होणार नाही, अशी खोटी समजूत तिने घातली नाही. मनात काळजी ठेवून मरू नका, असे ती म्हणाली. मी सूत कातीन, लोकर पिंजीन, मुले वाढवीन. दुसरा घरोबा करणार नाही, धम्म सोडणार नाही. (नकुलपिता पुढे बरा झाला, ती गोष्ट निराळी.) त्याला आतून काय खाते आहे हे तिने ओळखले होते.

तुम्हीही विचारा. "मी घरावर भार झालो" असे उत्तर आले, तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जिल्हा रुग्णालयातून मोफत डायलिसिसची योजना २०१६ पासून आहे. तेथे आधी चौकशी करा. थकवा, उदासी असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यांवर पुष्कळदा उपाय निघतो. यंत्रावरून उठल्या संध्याकाळचा शब्द अखेरचा धरू नका. दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

आणि शांतपणे, वारंवार तेच उत्तर आले तर? पहिले शील मोडते काय, असे काहीजण विचारतात. माझ्या मते नाही. जीव घेणे वेगळे, उपचार नाकारणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये उपचार नाकारण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला. यंत्र थांबल्यावर बहुधा काही दिवसांत, एक-दोन आठवड्यांत मृत्यू येतो, हे त्याच्यापासून लपवू नका. धाप, मळमळ, खाज यांवरील औषधे तेव्हाही देता येतात. ती डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

एवढे होऊनही त्याने गुरुवारी पिशवी भरली, तर टोमणा न मारता एस.टी.ची वेळ पाहा.