गुन्ह्याची व्याख्या

'शाळेस न शोभणारें वर्तन करूं नये' असा नियम लिहिणें आम्हां शिक्षकांस फार सोयीचें असतें; परंतु कोणतें वर्तन शोभत नाहीं, हें मुलास बहुधा शिक्षा झाल्यावरच कळतें. राज्याच्या दंडविधानांत हाच दोष शिरला, तर कैद भोगावी लागते.

१८६० सालच्या भारतीय दंडसंहितेचा मूळ मसुदा मेकॉले ह्यांच्या मंडळानें १८३७ सालीं सिद्ध केला. व्याख्येखालीं उदाहरणें देण्याची त्यांची रीत आम्हांस फार आवडते. दुसऱ्याच्या ताब्यांतील जंगम वस्तु, त्याच्या संमतीवांचून, अप्रामाणिकपणें नेण्याच्या हेतूनें हलविणें, ही चोरी. मग उभें झाड जंगम आहे काय? नाहीं, तें जमिनीस जखडलेलें आहे. मात्र ह्या हेतूनें तें तोडून वेगळें केलें, कीं त्याच क्षणीं चोरी घडली. लांकूड घरीं पोहोंचण्याची वाट पाहावी लागत नाहीं! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तींतही हें झाड आहेच.

ह्याच्या उलट, माहिती तंत्रज्ञान अधिनियमांत २००८ च्या दुरुस्तीनें घातलेलें ६६-अ हें कलम पाहा. संगणकावरून किंवा मोबाइलवरून 'अतिशय अपमानकारक' मजकूर पाठविणें, अथवा कोणास त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून संदेश पाठविणें, ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद होती. त्रास म्हणजे किती? अपमान कोणाच्या दृष्टीनें? ह्याविषयीं कलम मुकें होतें. नोव्हेंबर २०१२ मध्यें श्री. बाळ ठाकरे ह्यांच्या निधनानंतर मुंबईंत पाळलेल्या बंदाविषयीं पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकवर नापसंती लिहिली. तिच्या मैत्रिणीनें त्या लिखाणास केवळ पसंती दर्शविली. तरी दोघींनाही अटक झाली.

२४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम समूळ रद्द केलें. न्यायमूर्तींनीं इंग्लंडांतील खटल्यांचा दाखला दिला: तेथें अशाच शब्दांखालीं, त्याच पुराव्यावरून, एका न्यायालयास गुन्हा दिसला व दुसऱ्यास दिसला नाहीं. कायद्यांत मुरलेल्या मनांची ही गत, तर सामान्य मनुष्यानें काय करावें?

स्पष्ट नियमांतून एखादा दुष्ट निसटतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. ती किंमत आम्हांस मान्य आहे. संदिग्ध शब्द मात्र एकदां हातीं आला, कीं लवकर सुटत नाहीं. कलम रद्द झाल्यावरही त्याखालीं गुन्हे नोंदविले जात होते. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्यें न्यायालयास पुन्हां सांगावें लागलें कीं, ह्या कलमाखालीं कोणावरही खटला चालवूं नये.